वानरपुरुषाच्या कथेचे पाठ व प्रक्षेप

गेल्या आषाढांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला आणि त्यानें रुमालांत बांधलेलें एक हस्तलिखित माझ्यापुढें ठेविलें. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याच्याकडे माणसें बहुधा पत्रिका, सनदा किंवा कसर लागलेल्या पोथ्या घेऊन येतात. हें हस्तलिखित त्यांतलें नव्हतें. पत्रें ३२, कागद जाड व पांढरा, एकाच अंगास लिहिलेलीं. प्रत्येक पत्रावर चार ते सात चौकटी, चौकटींत काळ्या शाईचीं चित्रें, आणि चित्रांतील पात्रांच्या मुखांतून निघालेल्या फुग्यांत संभाषणें. आरंभीं मंगल नाहीं, अंतीं पुष्पिका नाहीं. इंग्रजींत ज्यास कॉमिक म्हणतात व आपण चित्रकथा म्हणतों, तो हा प्रकार. विषय असा : एका दूरच्या ग्रहावर आकाशयान कोसळतें, यानांतील पति-पत्नी मरतात, त्यांचें तान्हें मूल तेथील एक वानरी उचलून नेते व वाढविते, पुढें तें मूल त्या वनाचा नायक होतें. कोणा प्रकाशकाच्या आश्रयावांचून, पदरच्या खर्चानें, ३०० प्रती छापण्याचा त्याचा मानस होता. तो म्हणाला, "सर, जो पाहतो तो म्हणतो, हा टारझनच. यांत माझें किती आणि दुसऱ्याचें किती, तेवढें मला सांगा."

प्रश्न एका चित्रकाराचा असला तरी तो पाठचिकित्सेचा आहे, हें मला तेव्हांच जाणवलें. आणि म्हणूनच त्याचें उत्तर शोधण्यांत जे चार महिने गेले त्यांचा वृत्तांत या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहें. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति १९३३ सालीं पुरी केली, तेव्हां त्यांच्यासमोर मूळ कवीची प्रत नव्हती, असणें शक्यही नव्हतें. शतकानुशतकें उतरत गेलेल्या प्रतींवरून मूळ कोणतें व प्रक्षेप कोणता हें त्यांस अनुमानानें ठरवावें लागलें. टारझनच्या कथेची गोष्ट उलट आहे. येथें कर्ता ठाऊक, आरंभाचा दिवस ठाऊक, समाप्तीचा दिवस ठाऊक, आणि तरीही एका शतकाच्या आंत या नायकाभोंवतीं पाठभेद, प्रक्षेप, वंशावळी व उपकथा यांचें असें रान माजलें कीं, पुराणांतील एखाद्या वीराभोंवतींही तें दाट म्हणावें. जें आपण दुर्बिणीनें पाहतों तें येथें हातावर घेऊन पाहतां येतें. वाङ्मय हलकें आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु बखरी वाचणाऱ्यांनीं तो फार जोरानें घेऊं नये.

मूळ कर्ता एडगर राइस बरोज हा अमेरिकेंतील शिकागो शहरीं १ सप्टेंबर १८७५ रोजीं जन्मला. पस्तिशी उलटेपर्यंत त्यानें अनेक धंदे केले व बहुतेकांत अपयश घेतलें. आफ्रिका खंडांत तो जन्मांत कधीं गेला नाहीं. मंगळ ग्रहावरील त्याची पहिली अद्भुत कथा 'ऑल-स्टोरी' नांवाच्या मासिकांत फेब्रुवारी १९१२ पासून टोपणनांवानें क्रमशः छापली गेली. तत्पूर्वींच, १ डिसेंबर १९११ रोजीं, त्यानें वानरांनीं वाढविलेल्या मुलाची कादंबरी लिहावयास घेतली होती. ती १४ मे १९१२ रोजीं पुरी झाली. तिचें लेखन त्यानें स्वहस्तें, जुन्या पत्रकागदांच्या कोऱ्या पाठीवर व सांपडतील त्या चिटोऱ्यांवर केलें. आपल्या दप्तरांत पाठकोऱ्या कागदावर उतरलेलीं टिपणें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस या तपशिलांत परकें कांहीं वाटणार नाहीं. त्या हस्तलिखितांत नायकाचें नांव एकदम सुचलेलें दिसत नाहीं : 'झँटार', 'टुब्लाट-झान' अशीं नांवें योजून पाहिल्यावर 'टारझन' स्थिर झालें. ज्या उमराव घराण्याचा तो वारस, तें 'ग्रेस्टोक' घराणेंही प्रथम 'ब्लूमस्टोक' होतें. मासिकाचा संपादक टॉमस मेटकाफ यानें ७०० डॉलर देऊन ही कादंबरी घेतली व ऑक्टोबर १९१२ च्या एकाच अंकांत ती सबंध छापली. ग्रंथरूपानें मात्र ती कोणी घेईना. अनेक प्रकाशकांनीं परत केल्यावर १९१४ च्या जूनमध्यें शिकागोच्या मॅक्क्लर्ग यांनीं ती काढली.

आतां कागदाविषयीं. फ्रँक मुन्सी नांवाच्या प्रकाशकानें १८९६ च्या सुमारास 'आर्गोसी' हें मासिक केवळ कथांना वाहिलें व तें लांकडाच्या कच्च्या लगद्यापासून केलेल्या अत्यंत स्वस्त कागदावर छापण्यास आरंभ केला. 'ऑल-स्टोरी' हेंही त्याच्याच कारखान्यांतलें. या कागदावरून त्या साऱ्या वाङ्मयासच पल्प, म्हणजे लगदा, असें नांव पडलें. या कागदांत लांकडांतील लिग्निन तसेंच राहतें, आणि शाई फुटूं नये म्हणून जी राळ-तुरटीची खळ देतात ती आम्लधर्मी असते. त्यामुळें कागद कांहीं वर्षांतच पिवळा पडतो, पुढें तांबूस होतो, व शेवटीं घडी घालतांच तुटतो. शिवकालीन व पेशवाई पत्रांचा जुन्नरी किंवा दौलताबादी कागद अडीचशें-तीनशें वर्षांनीं हातांत घेतला तरी वांकतो, मोडत नाहीं. म्हणजे गंमत अशी कीं, ज्या वाङ्मयाच्या प्रती लाखांनीं निघाल्या त्याचे मूळ अंक आज दुर्मिळ, आणि ज्या पत्राची एकच प्रत झाली तें मात्र शाबूत. संग्राहकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. माझ्या लहानपणीं रद्दीवाल्याच्या दुकानांत शेरावर विकल्या जाणाऱ्या स्वस्त गोष्टींच्या पुस्तिका मीं ढिगांनीं पाहिल्या. त्यांतली एकही मीं ठेविली नाहीं, आणि आज तीं पाहावयाचीं म्हटलें तर कोठें जावें हें मला सांगतां येत नाहीं.

मूळ छापील पाठ व ग्रंथपाठ यांतील सर्वांत बोलका भेद 'सेबोर' या पशूचा आहे. मासिकांतील पाठांत सेबोर हा वाघ होता. आफ्रिकेंत वाघ नाहींत, हें वाचकांनीं संपादकाच्या निदर्शनास आणलें. तेव्हां ग्रंथांत वाघाची सिंहीण करण्यांत आली. नांव मात्र तेंच राहिलें. पशु बदलला व शब्द टिकला, असा हा पाठभेद आहे, आणि लिहिणाऱ्याच्या मनांतील वन आफ्रिकेचें नसून पुस्तकांतून ऐकलेल्या हिंदुस्थानचें होतें कीं काय, अशी शंका त्यावरून येते. मुंबईस १८६५ सालीं जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगनें आपला लांडग्यांनीं वाढविलेला मुलगा नागपूरच्या उत्तरेस असलेल्या शिवनीच्या रानांत ठेविला होता, व तें पुस्तक १८९४ सालीं निघालें होतें. बरोज हा आपलें ऋण रोमच्या रोम्युलस-रेमस या जुळ्या भावांच्या कथेशीं जोडीत असे. किपलिंगनें मात्र मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत आपल्या अनुकरण करणाऱ्यांत यालाच अग्रमान दिला आहे. त्यांत स्तुति किती व चिमटा किती हें वाचकानें ठरवावें. आपल्याकडे वनांत वाढलेल्या कुमाराची कथा म्हटली कीं वनपर्वांतील ऋष्यशृंग आठवतो. पण तो बापाजवळ वाढला व वेद शिकला. पशूंनीं वाढविलेला नव्हे. साम्य दिसलें कीं उगम सांपडला, असें मानण्याची संवय आपण टाकलेली बरी.

मूळ कादंबरींतील एक गोष्ट मात्र हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं मुद्दाम पाहावी अशी आहे. या वानरपुरुषास वाचतां येतें, बोलतां येत नाहीं. मेलेल्या आईबापांच्या झोंपडींत सांपडलेल्या बालबोध पुस्तकांतील चित्रें व त्यांखालील अक्षरें जुळवीत तो एकटाच इंग्रजी वाचावयास शिकतो. अक्षरें त्यास किड्यांसारखीं वाटतात. पुढें माणसाची पहिली बोली तो एका फ्रेंच अधिकाऱ्याकडून शिकतो, म्हणजे वाचतो इंग्रजी व बोलतो फ्रेंच! लिपि आधीं आणि वाणी मागून, हा क्रम आम्हां मौखिक परंपरेंतल्या लोकांस विचित्र वाटतो; परंतु तो कथेंत नुसता चमत्कार म्हणून आलेला नाहीं. नायकाच्या जन्माचा पुरावाही लिखितच आहे. बापाच्या रोजनिशींत एका पानावर तान्ह्या बाळाच्या शाईनें माखलेल्या बोटांचे ठसे उमटलेले असतात, व त्यांवरून शेवटीं त्याचें कुल सिद्ध होतें. ठशांवरून ओळख पटविण्याची विद्या तेव्हां नवी होती. तिचें कार्यालय कलकत्त्यास १८९७ सालीं स्थापन झालें, आणि वर्गीकरणाच्या त्या पद्धतींत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अधिकाऱ्यांचे श्रम होते. एका दस्तऐवजावर उभी असलेली ही कादंबरी पुढें चित्रपटांत गेली, तेव्हां नेमका हाच भाग गळाला.

चित्रकथेचा जन्म ७ जानेवारी १९२९ चा. त्या दिवशीं अमेरिकेंतील वृत्तपत्रांत हॅल फॉस्टर या चित्रकारानें काढलेली टारझनची दैनिक चित्रमाला सुरू झाली. तिच्यांत संभाषणाचे फुगे नव्हते. चित्राखालीं कादंबरीचा संक्षिप्त पाठ छापीत. दहा आठवड्यांत पहिली कादंबरी संपली. त्याच दिवशीं, हा योगायोग इतिहासकारांनीं पुष्कळदां नोंदला आहे, 'बक रॉजर्स' ही भविष्यकाळांतील आकाशयानांची चित्रमालाही सुरू झाली, आणि तिचें मूळही एका पल्प मासिकांतील १९२८ च्या कथेंत होतें. वन आणि अंतराळ एकाच सकाळीं वाचकांच्या दारांत आलें. विज्ञानकथा हें तेव्हां नुकतें वेगळें होऊं लागलेलें शास्त्र. 'अमेझिंग स्टोरीज' हें केवळ तिला वाहिलेलें मासिक १९२६ च्या एप्रिलमध्यें निघालें. बरोजच्या मनांत हे दोन प्रांत कधींच वेगळे नव्हते. मंगळाची कथा व वानरांची कथा त्यानें एकाच दौतींतून लिहिल्या, आणि १९२९-३० मध्यें तर टारझनला आकाशनौकेंत बसवून पृथ्वीच्या पोटांतील एका जगांत धाडलें. माझ्या विद्यार्थ्यास वाटत होतें कीं वानरपुरुष व आकाशयान यांची सांगड आपण प्रथम घातली. हें वृत्त मीं त्यास सांगितलें तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला.

फॉस्टर यानें १९३१ पासून रविवारचीं रंगीत पृष्ठें काढलीं, व १९३७ पासून तें काम बर्न होगार्थ याच्याकडे गेलें. या दोघांच्या चित्रांविषयीं लिहावयाचें तर वेगळा लेख व्हावा. येथें महत्त्वाची गोष्ट ही कीं, एव्हांना कथेच्या दोन शाखा स्पष्ट झाल्या होत्या. एक ग्रंथशाखा, जींत नायक अनेक भाषा जाणणारा उमराव आहे. दुसरी चित्रपटशाखा, जी १९१८ मध्यें आरंभ होऊन १९३२ पासून जॉनी वाइसमुलर या पोहणाऱ्याच्या द्वारां जगभर पसरली. तींत नायक मोडकें बोलतो, चिंपांझी बाळगतो व एक दीर्घ आरोळी ठोकतो. ग्रंथांत नायकाचा मुलगा औरस आहे. चित्रपटांत १९३९ मध्यें त्यास विमान-अपघातांतून सांपडलेला 'बॉय' मिळतो. कर्त्यानें १९२३ सालींच आपल्याच नांवाची कंपनी काढून सर्व हक्क तिच्याकडे ठेविले होते, आणि त्या कंपनीच्या अनुज्ञेनें १९४८ पासून निघूं लागलेल्या चित्रमासिकांत या दोन्ही शाखांचा संकर झाला. त्यांत बॉयही आला. म्हणजे जो अधिकृत पाठ, तोच संकीर्ण पाठ. कर्ता १९ मार्च १९५० रोजीं वारला.

यानंतरचें प्रकरण माझ्या मतें या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. अमेरिकेच्या तत्कालीन कायद्याप्रमाणें ग्रंथाचा हक्क प्रथम २८ वर्षें असे, व मुदतीच्या आंत अर्ज केल्यासच तो पुढें चाले. कंपनीनें कित्येक ग्रंथांविषयीं ही तजवीज वेळेवर केलेली नव्हती. हें बाहेर पडतांच १९६२-६३ च्या सुमारास निरनिराळ्या प्रकाशकांनीं बरोजचे ग्रंथ धडाक्यानें पुनः छापले. चार्लटन नांवाच्या एका लहान चित्रकथा-प्रकाशकानें आणखी एक पाऊल टाकलें. टारझनच्या तारुण्यांतील कथांचा १९१९ चा जो संग्रह, त्याच्याच नांवानें व त्यांतीलच कथांवरून त्यानें १९६४ च्या अखेरीस एक चित्रमासिक काढलें. लेखक जो गिल, चित्रकार सॅम ग्लान्झमन. छपाई हलकी होती. परंतु पाठाच्या दृष्टीनें पाहतां त्यांत बॉय नाहीं, मोडकी बोली नाहीं. वानरांत वाढणारा, देव म्हणजे काय व स्वप्न म्हणजे काय असे प्रश्न पडणारा ग्रंथांतील तरुण त्यांत आहे. चार अंक निघाले. कंपनीनें कायद्याचा धाक घातला व १९६५ मध्यें मासिक बंद पडलें.

यांत कंपनीचा दोष कितपत? आपली मालमत्ता राखणें हा तिचा हक्कच होता, आणि चार्लटननें परवानगी मागितली नव्हती हेंही खरें. मला एवढेंच नोंदावयाचें आहे कीं, १९६५ सालीं ज्याच्याजवळ सनद होती त्याच्याजवळ पाठ शुद्ध नव्हता, व ज्याचा पाठ मूळास जवळ होता त्याच्याजवळ सनद नव्हती. वतनाच्या तंट्यांचे महजर वाचणाऱ्यांस हा प्रसंग ओळखीचा वाटेल. पुढें अधिकृत चित्रमासिकानेंही रस मॅनिंग या चित्रकाराकरवीं मूळ कादंबऱ्या क्रमानें चित्रित करावयास घेतल्या. चार अंकांच्या त्या आगंतुक मासिकाचा हा परिणाम होता, असें माझें अनुमान आहे.

त्याच दोन वर्षांत निव्वळ प्रक्षेपाचेंही एक उदाहरण घडलें. 'बार्टन वर्पर' या टोपणनांवानें टारझनच्या पांच नव्या कादंबऱ्या परवानगीवांचून निघाल्या. रुपेरी गोल, पंखांचे आक्रमक, हिममानव, अशीं त्यांचीं नांवें. वनकथेस विज्ञानकथेचा मुलामा देण्याचा तो प्रयत्न होता. त्यांत मूळ ग्रंथांतील उतारे जसेच्या तसे उचललेले आढळले. खटला झाला, विक्री थांबली, व उरलेल्या प्रती नष्ट करण्यांत आल्या. चोरीस शासन झालें तें योग्यच झालें. पण प्रती नष्ट करणें ही शिक्षा मला, ग्रंथ जपण्याचा छंद असलेल्या माणसास, कडू लागते. सुखठणकरांनीं प्रक्षेप गाळले नाहींत. ते टीपेंत व परिशिष्टांत उतरविले. म्हणूनच कोणी कोणत्या काळीं काय घुसडलें हें आज आपणांस कळतें.

मुंबईचा पाठ याहून जुना आहे. वाडिया मूव्हीटोननें १९३७ सालीं होमी वाडिया यांच्या दिग्दर्शनाखालीं 'तूफानी टारझन' हा चित्रपट काढला; नायक जॉन कावस. त्यांत मुलाचा बाप उमराव नसून शास्त्रज्ञ आहे, व तो रानांत अमरत्वाचें रसायन शोधीत असतो. बापाच्या मृत्यूनंतर त्या रसायनाची कृति मुलाच्या गळ्यांतील ताइतांत राहते. रोजनिशीचा ताईत झाला व बोटांच्या ठशांच्या जागीं रसायन आलें. कुलाचा पुरावा आम्हांस तितका अद्भुत वाटला नसावा. अमृताची कृति मात्र वाटली. पाश्चात्यांच्या वानरकथेस विज्ञानकथेची जोड मुंबईच्या लोकांनीं रसशास्त्राच्या वाटेनें दिली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वंशावळीविषयीं दोन शब्द. फिलिप होजे फार्मर या विज्ञानकथालेखकानें १९७२ सालीं टारझनचें एक 'चरित्र' प्रसिद्ध केलें, त्यांत तो खरोखर होऊन गेलेला पुरुष मानिला आहे. यॉर्कशायरमधील वोल्ड न्यूटन गांवीं १३ डिसेंबर १७९५ रोजीं एक उल्का पडली, हा इतिहास आहे. त्या वेळीं जवळून जाणाऱ्या गाड्यांतील उतारूंवर तिचा परिणाम होऊन त्यांच्या वंशांत असामान्य पुरुष निपजले, आणि टारझन त्यांतलाच, ही फार्मरची रचना आहे. हें तेंच वर्ष, ज्या वर्षीं खर्ड्याची लढाई झाली व सवाई माधवराव वारले. आपल्या कुळकट्ट्या लिहिणाऱ्यांनीं सूर्यवंश-सोमवंश गांठण्यासाठीं जी युक्ति योजिली तिची ही विसाव्या शतकांतील आवृत्ति आहे, फक्त सूर्याच्या जागीं उल्का. फार्मर तें खेळ म्हणून करीत होता व वाचकांसही तें ठाऊक होतें, एवढाच फरक. आमच्या कांहीं वंशावळींविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

आतां हक्काची आजची स्थिति. हिंदुस्थानच्या कायद्याप्रमाणें कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें हक्क चालतो. तेव्हां बरोजच्या हयातींत प्रसिद्ध झालेले ग्रंथ येथें १ जानेवारी २०११ पासून सर्वांस मोकळे आहेत. अमेरिकेंतही पहिल्या कादंबऱ्या केव्हांच मोकळ्या झाल्या. तथापि नांव हें व्यापारचिन्ह म्हणून कंपनीनें राखलें आहे, आणि चित्रपटांतील ती आरोळीसुद्धां अमेरिकेंत ध्वनिचिन्ह म्हणून नोंदली गेली आहे. एका अमेरिकन चित्रकथा-प्रकाशकानें २०१२ सालीं नायकाचें नांव शीर्षकांत न घालतां 'वनाचा अधिपति' अशा अर्थाच्या नांवानें मूळ कादंबरीची चित्रमाला काढली, तरी दावा झालाच. तो २०१४ सालीं आपसांत मिटला. म्हणजे कथा सर्वांची व नांव एकाचें, अशी सध्यांची वांटणी आहे.

ही सामग्री हातीं आल्यावर मीं विद्यार्थ्याच्या ३२ पत्रांचें संतुलन केलें. वानरी माता, झोंपडीच्या जागीं मोडकें यान, यानांतील चित्रपट्ट्यांवरून स्वतः वाचावयास शिकणें, हे अंश १९१२ च्या मूळांतले. ते घेण्यास कोणाची आडकाठी नाहीं, मात्र उगम सांगितला पाहिजे. पत्र ७ वरील आरोळी, पत्र ११ वरील खोडकर लहान माकड व पत्र १४ वरील मोडकी बोली हे चित्रपटशाखेंतले. चित्रपट पाहतांना तें आपोआप मनांत शिरलें, लिहितांना तें आपलेंच वाटलें. लेखनिकाच्या हातून समासांतील टीप मूळांत शिरते ती अशीच. तिसरी गोष्ट नांवाची. त्यानें टारझन हेंच नांव ठेविलें होतें. मूळांत वानरांच्या भाषेप्रमाणें त्याचा अर्थ 'गोरी कातडी' असा आहे, आणि त्या कादंबरींत आफ्रिकेच्या लोकांचें जें चित्रण आहे तें गोऱ्या कातडीच्या अभिमानानें काळवंडलेलें आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. नक्कल करणारास तें गाळण्याचा अधिकार नसतो. नवी रचना करणारास असतो. दुसऱ्या ग्रहावरच्या, निळसर वर्णाच्या त्या मुलास तें नांव कशाला, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "नांव काढलें तर विकत कोण घेईल, सर?" त्यास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. ३०० प्रतींचा खर्च त्यानें कर्ज काढून उभा केला होता, हें मला मागाहून कळलें.

त्याचें स्वतःचें म्हणून जें सांपडलें तें पत्र १९ वर आहे. त्याच्या वानरभाषेंत भूतकाळ नाहीं. वानरी मरते, त्यानंतर वर्षें लोटतात, यानांतून माणसें येतात व नायकास त्याच्या आईविषयीं विचारतात. तो सांगतो, ती खाते, ती झोंपते, ती मला पाठीवर घेते. माणसें तिला शोधावयास निघतात. मूळ कादंबऱ्यांत वानरांचे शब्द पुष्कळ आहेत, पण काळावर उभारलेला असा प्रसंग माझ्या वाचनांत आला नाहीं, व इतर शाखांतही नाहीं. चाळीस वर्षें लङ्, लुङ् व लिट् यांचे भेद मुलांच्या गळीं उतरविणाऱ्या मास्तरास तें पान वाचून क्षणभर कांहीं सुचेना. या पोरास लुङ्लकार कधींच आला नव्हता.

कार्तिकांत तो पुनः आला. पत्रें आतां २९ होतीं. नायकास नांवच उरलें नव्हतें. वानरी त्यास ज्या एका ध्वनीनें हांक मारते तोच कथेंत ठेविला होता. शेवटच्या पत्रावर पुष्पिका होती : मूळ कथा कोणाची व कोणत्या सालची, यान व वन यांची सांगड पूर्वीं कोणीं घातली, मुंबईचा पाठ कोणता, आणि पत्र १९ माझें. ३०० प्रती साध्या कागदावर व पांच हातकागदावर निघाल्या. हातकागदाची एक प्रत, काढून टाकलेल्या तीन मूळ पत्रांसह, मीं मंडळाच्या संग्रहाकडे दिली आहे.